उसन्या उजेडाची गोष्ट

मोटारीच्या बगलेवर, पुढच्या चाकाच्या कमानीपाशी किंवा मागच्या बंपरच्या कोपऱ्याला, बोटभर लांबीची एक पिवळसर-केशरी किंवा लाल पट्टी असते. तिच्यात बल्ब नसतो. तिला तार नसते. दिवसा ती गाडीच्या अंगावरच्या तिळासारखी दिसते, आणि अनेक हौशी मालकांना ती नेमकी तिळासारखीच खुपते. मग ती काढून त्या जागी गाडीच्या रंगाची पट्टी बसवणे, तिच्यावर धुरकट फिल्म चिकटवणे, काळ्या रंगाचा फवारा मारणे, किंवा परदेशी दिसणारी दुसरी पट्टी आणून लावणे, असे उद्योग रविवारी सकाळी घरच्या अंगणात सुरू होतात. काम अर्ध्या तासाचे, खर्च किरकोळ, आणि गाडी 'स्वच्छ' दिसल्याचे समाधान मोठे. हे समाधान कोणाच्या खर्चाने मिळते, हे समजून घ्यायचे तर या पट्टीचा इतिहास पाहावा लागतो. तो पाहण्यासाठी आम्ही एक जागा निवडली आहे : बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला लागून असलेले खालापूर तालुक्यातील साजगाव.

साजगाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते यात्रेमुळे. कार्तिक महिन्यात साजगाव-ताकई येथे विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीच्या मोठ्या बाजारामुळे लोकांनी या देवाला 'बोंबल्या विठोबा' असे लाडके नाव देऊन टाकले आहे. पंढरीच्या विठोबाच्या दारात बोंबील विकण्याची कल्पना घाटावरच्या वारकऱ्याला धक्का देईल. पण हा देव कोकण आणि देश यांच्या शिवेवरचा आहे, आणि शिवेवरच्या देवाला दोन्हीकडचे गिऱ्हाईक सांभाळावे लागते. तुकाराम महाराज मिरचीच्या व्यापारासाठी घाट उतरून या भागात येत, अशी आख्यायिका येथे सांगतात. तिची ऐतिहासिक शहानिशा हा आमचा विषय नव्हे. आमच्या दृष्टीने तिच्यात एवढेच महत्त्वाचे की लोकस्मृतीत या गावाची ओळख वाटेवरचे गाव अशी आहे. खालून मासळी आणि मीठ, वरून मिरची, घोंगडी आणि जनावरे, आणि मध्ये हा घाट.

घाटातून चाक जाऊ लागले ते मात्र बरेच उशिरा. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर १८३० मध्ये, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. त्याआधी माल चढे-उतरे तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. पण घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा होईपर्यंत उतारूंना खोपोलीला उतरून पालखीने, तट्टावरून किंवा गाडीने खंडाळा गाठावा लागे. म्हणजे सुमारे सात वर्षे, देशातल्या आधुनिकतम वाहनातून उतरून माणसे पुन्हा दिवटीच्या उजेडात घाट चढत होती. हा घाट ज्याने इंग्रज अभियंत्यांना दाखवला असे लोक मानतात, त्या शिंग्रोबा धनगराचे देऊळ घाटात आहे, आणि चालक तेथे आजही नाणे टाकून पुढे जातात. घाटरस्त्याची पहिली गरज वाट दिसण्याची. शिंग्रोबाची कथा त्या गरजेची कथा आहे.

रात्रीच्या प्रवासाच्या दोन गरजा असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. एक, आपल्याला दिसणे. दुसरी, आपण दिसणे. पालखीपुढचा मशालजी पहिली गरज भागवी आणि ओघाओघात दुसरीही. बैलगाडीचे मात्र वेगळे होते. उन्हाच्या दिवसांत बैलांना ताप नको म्हणून गाडीवान रात्री गाडी हाकीत. बैलांना वाट पाठ असे. गाडीवान कित्येकदा झोपलेला असे. आसाखाली टांगलेला कंदील हा गाडीवानाला वाट दाखवण्यासाठी फारसा उपयोगी नव्हता. तो सांगत असे एवढेच, की येथे एक गाडी आहे. बैलाच्या चालीने जाणाऱ्या जगात एवढे सांगणे पुरेसे होते. समोरून येणाराही त्याच चालीने येत असे. कंदील विझला तरी घुंगरांचा आवाज होता, आणि तोही नसला तर टक्कर बैलांची बैलांशी होई आणि शिव्यांवर भागे.

मोटार आली आणि हे गणित मोडले. ताशी चार-पाच किलोमीटरने जाणाऱ्या गाडीमागून ताशी साठ किलोमीटरने दुसरी गाडी येऊ लागली. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. चालकाला वस्तू दिसून, ती काय आहे हे कळून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड-दोन सेकंद सहज जातात, म्हणजे पंचवीस ते चौतीस मीटर रस्ता ब्रेक लागण्यापूर्वीच संपतो. पेंढ्याने भरलेल्या बैलगाडीची मागची बाजू मोटारीच्या दिव्यात किती अंतरावरून ओळखू येते, हे खालापूर-कर्जतच्या भातपट्ट्यातल्या कोणालाही विचारावे. पेंढा आणि अंधार यांचा रंग रात्री फारसा वेगळा नसतो.

येथे निसर्गाने एक गंमत करून ठेवली आहे. समोरून येणाऱ्या बैलगाडीचे बैल मोटारीच्या दिव्यात चटकन दिसतात, कारण त्यांचे डोळे चमकतात. गुरांच्या आणि मांजरांच्या डोळ्यांत पटलामागे एक परावर्तक थर असतो. आलेला प्रकाश तो आल्या दिशेने परत धाडतो. म्हणजे गाडीला पुढच्या अंगाला चार परावर्तक देवानेच दिलेले होते. मागच्या आणि बगलेच्या अंगाला एकही नव्हता. पुढील शंभर वर्षांत माणसाने जे केले ते थोडक्यात हे, की बैलाचा डोळा गाडीच्या मागे आणि बगलेला बसवला.

आरशाने हे काम होत नाही. यात्रेच्या बाजारात बैलांच्या झुलींवर आरशांचे तुकडे चमकतात, ते दिव्याच्या बाजूने पाहणाऱ्याला रात्री क्वचितच दिसतात, कारण आरसा तिरका आलेला प्रकाश तिरकाच पलीकडे फेकतो. आपल्याला हवा तो पदार्थ असा, की प्रकाश कोणत्याही बाजूने येवो, तो आला तेथेच परत जावा. त्यासाठी दोन युक्त्या आहेत. पहिली काचेच्या मण्याची : मणी प्रकाश एकत्र आणून मागच्या चकचकीत पृष्ठावर टाकतो आणि तेथून तो आल्या वाटेने परततो. दुसरी कोपऱ्याची : परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांच्या कोपऱ्यात शिरलेला किरण तिन्ही भिंतींना आपटून नेमका उलट दिशेने बाहेर पडतो. खोलीच्या कोपऱ्यात टाकलेला चेंडू दोन भिंती आणि जमिनीला लागून आपल्याच हाताकडे येतो, तसे. मोटारीवरच्या पट्टीकडे भिंगातून पाहिले तर असे शेकडो इवले कोपरे ओळीने मांडलेले दिसतात.

पहिल्या युक्तीचा सर्वांत गाजलेला उपयोग इंग्लंडात यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी केला. रस्त्याच्या मधोमध बसवायच्या 'मांजराच्या डोळ्या'चे पेटंट त्यांनी १९३४ मध्ये घेतले आणि १९३५ मध्ये कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धातल्या दिवेबंदीने त्या वस्तूचे महत्त्व लोकांना पटवले : सगळे दिवे झाकलेले असताना जे स्वतः जळत नाही तेच उपयोगी पडले. चाक वरून गेले की काच रबरात दबते आणि साचलेल्या पावसाच्या पाण्याने पुसली जाते, ही त्यातली खुबी पावसाळी प्रदेशातल्या माणसाला विशेष आवडावी. अमेरिकेत १९३९ च्या सुमारास काचेचे बारीक मणी बसवलेली परावर्तक चादर रस्त्याच्या फलकांसाठी बाजारात आली. तिचेच वंशज आज आपल्या ट्रकांच्या मागे, शाळकरी मुलांच्या दप्तरांवर आणि पोलिसांच्या जाकिटांवर आहेत.

या चादरीला आपण काय म्हणतो? 'रेडियम' म्हणतो. खोपोलीपासून कोल्हापूरपर्यंत कोणत्याही हमरस्त्यावर 'रेडियम आर्ट'ची पाटी लावलेले दुकान सापडेल, आणि तेथे रेडियमचा कणही सापडणार नाही. क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेले रेडियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळांच्या तबकड्यांवर लावण्याच्या चमकत्या रंगात वापरले जाई. तो रंग खरोखर स्वयंप्रकाशी होता, आणि त्याची किंमत तबकड्या रंगवणाऱ्या अमेरिकन कामगार मुलींनी आपल्या हाडांनी मोजली. ब्रशाचे टोक ओठांनी साधण्याची त्यांना सवय लावण्यात आली होती. न्यू जर्सीतील पाच जणींचा खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला आणि 'रेडियम गर्ल्स' हे नाव कामगार-हक्कांच्या इतिहासात राहिले. पुढे तो रंग गेला, पण अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्याचे नाव चिकटून राहिले. आमची भाषेविषयी तक्रार नाही. 'डालडा' आणि 'झेरॉक्स' जसे आले तसेच 'रेडियम'ही आले. मात्र या नावाने एक गैरसमज रुजवला. रेडियम म्हणजे स्वतः चमकणारे, अशी समजूत झाल्याने लोकांना वाटते की ही पट्टी थोडी झाकली, थोडी मळली, थोडी रंगवली तरी आतून चमकत राहील. ती आतून चमकतच नाही. तिच्यापाशी स्वतःचा एक किरणही नाही. तिच्यावर जे पडेल तेच ती परत करते.

म्हणून तिच्यावर धुरकट फिल्म लावण्याचा हिशेब साध्या काचेपेक्षा कडक आहे. दिव्याच्या काचेवर निम्मा प्रकाश अडवणारी फिल्म लावली तर निम्मा प्रकाश उरतो. परावर्तकावर तीच फिल्म लावली तर प्रकाश आत जाताना निम्मा होतो आणि परतताना पुन्हा निम्मा होतो, उरतो पाव. तीस टक्के प्रकाश सोडणारी गडद फिल्म असेल तर परत येतो नऊ टक्के. दिवसा पाहणाऱ्याला ती पट्टी 'किंचित गडद' वाटते. रात्री ती जवळजवळ नसतेच. काळा रंग मारणाऱ्याने निदान स्वतःला फसवलेले नसते. धुरकट फिल्म लावणारा मात्र परावर्तक 'आहे' असे समजून निर्धास्त राहतो.

दुसरा घात पाण्याचा आहे, आणि बोरघाटाच्या पायथ्याशी तो विशेष लागू पडतो. प्लॅस्टिकच्या कोपऱ्यांच्या मागे चकचकीत मुलामा नसतो, तेथे नुसती हवा असते. अशा प्लॅस्टिकमध्ये हवेच्या सीमेवर सुमारे ४२ अंशांपेक्षा तिरका आलेला किरण बाहेर पडू शकत नाही. पूर्णपणे आत परततो. कोपऱ्याच्या भिंतींवर समोरून आलेला किरण सुमारे ५५ अंशांनी आदळतो, म्हणून सगळा परततो. आता पट्टीला तडा जाऊन मागे पाणी शिरले असे समजा. हवेऐवजी पाणी आल्याने ती मर्यादा ४२ वरून सुमारे ६३ अंशांवर जाते. ५५ आता अपुरे पडतात आणि बराचसा प्रकाश पाण्यात निसटतो. परावर्तक जागेवर असतो, अखंड दिसतो, पण त्या ओल्या भागात मेलेला असतो. मागच्या बाजूला थेट गोंद फासणाऱ्याचेही हेच होते. म्हणून चांगल्या परावर्तकाची पाठ स्वतंत्र झाकणाने हवाबंद केलेली असते, आणि चिकटवायचे ते त्या झाकणाला.

यातून घरी काम करणाऱ्यासाठी जी रीत निघते ती फार सोपी आहे, आणि तिच्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. तुटलेला परावर्तक स्वतः बदलणे हे चांगलेच काम आहे. स्क्रूने बसवलेला असेल तर पेचकस पुरतो. खाचेत अडकवलेला असेल तर प्लॅस्टिकच्या पातीने एका टोकाकडून हलके उचकटावा, लोखंडी पातीने बंपरचा रंग जातो. दुहेरी टेपने चिकटवलेला असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब देऊन टेप मऊ करावी आणि दोरा ओढून सोडवावी. जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करावी, नवा परावर्तक दाबून बसवावा आणि टेप पकड घेईपर्यंत, साधारण एक दिवस, गाडी धुऊ नये. भर श्रावणात हे काम उघड्यावर करू नये. घेताना मान्यतेची खूण असलेलाच घ्यावा. आणि बसवल्यावर रात्री तीस-चाळीस पावलांवर उभे राहून, विजेरी डोळ्याशेजारी, गालाला लावून धरावी आणि पाहावे. विजेरी हातभर लांब धरून पाहिले तर चांगला परावर्तकही मंद भासतो. याचे कारण पुढे येते.

रंगांचेही एक व्याकरण आहे. पुढे पांढरा, बगलेला पिवळसर-केशरी, मागे लाल. दूरवरच्या एका ठिपक्यावरून चालकाला कळावे की समोरची गाडी आपल्याकडे येते आहे, आपल्यापासून जाते आहे, की आपल्या वाटेत आडवी उभी आहे. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते-वाहतूक करारात पुढच्या बाजूने लाल दिवा किंवा लाल परावर्तक दिसू नये असे ठरले ते याच कारणाने. त्रिकोणी आकार जोडगाडीसाठी, म्हणजे ट्रेलरसाठी राखला गेला, म्हणजे मागून येणाऱ्याने समजावे की या लाल ठिपक्यांच्या पुढे आणखी एक वाहन आहे. हौसेने भलत्या रंगाचा किंवा आकाराचा परावर्तक लावणारा गाडी सजवत नसतो, या भाषेत खोटे बोलत असतो.

बगलेच्या परावर्तकाचा कायद्यातला इतिहास त्यामानाने अलीकडचा. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या संघीय मानक क्रमांक १०८ ने मोटारीच्या बगलांना दिवे किंवा परावर्तक आवश्यक केले, आणि १९७० च्या गाड्यांपासून दोन्ही. युरोपीय नियमांत सहा मीटरपेक्षा लांब वाहनांना आणि ट्रेलरना बगलेचे परावर्तक सक्तीचे, लहान मोटारींना ऐच्छिक. म्हणून एकाच मोटारीची अमेरिकन आवृत्ती बगलेला केशरी पट्टी मिरवते आणि युरोपीय आवृत्ती कोरी असते, आणि छायाचित्रे पाहून 'युरोपी' दिसण्याची हौस जन्म घेते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०४ वा नियम परावर्तकांविषयी आहे आणि मोटारीच्या मागे लाल परावर्तक सक्तीचे आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने मूळ रचनेशी विसंगत फेरफारांना आळा घातला आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा कडक अर्थ उचलून धरला. त्याच न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये मोटारींच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली होती. आपल्याला आतून सगळे दिसावे आणि आपण कोणाला दिसू नये, ही हौस काचेपासून परावर्तकापर्यंत एकच आहे.

पण ही हौस कोणाला परवडते? येथे आमच्या मते या विषयाचा गाभा आहे. १९२७ च्या ब्रिटिश कायद्याने सायकलस्वाराला मागे दिवा किंवा लाल परावर्तक लावणे बंधनकारक केले. त्या काळात सायकलस्वारांच्या संघटनेने मागच्या दिव्याच्या सक्तीला सतत विरोध केला. त्यांचा युक्तिवाद असा, की ज्याच्यामुळे धोका निर्माण झाला त्या मोटारवाल्याने नीट पाहून हाकावे. दिसण्याची जबाबदारी आमच्यावर का? हा युक्तिवाद हरला, पण तो चुकीचा नव्हता. वेगवान वाहनाने रस्त्यावर येऊन संथ वाहनाला सांगितले की आता तू दिसत जा. सायकलवाल्याने मागे लाल काच लावली. बैलगाडीवाल्याने साटीच्या मागे पट्टी चिकटवून घेतली. आपल्याकडे उसाच्या गाड्यांना हंगामाच्या आरंभी परावर्तक लावण्याच्या मोहिमा होतात. गाडीवान निमूटपणे ते लावून घेतात, कारण त्यांना ठाऊक आहे की टक्कर झाली तर मरणारे बैल त्यांचे असतील. म्हणजे दिसण्याचा कर दुबळ्यांनी भरला. अशा वेळी ज्याच्या वेगामुळे हा कर बसला त्यानेच आपल्या बगलेची पट्टी शोभेसाठी झाकावी, यात आम्हाला नियमभंगापेक्षा मोठा दोष दिसतो.

'माझ्या गाडीला एवढे दिवे आहेत, पट्टी कशाला?' असा प्रश्न यावर येतो. उत्तर असे की परावर्तक हा दिवे असतानाचा अलंकार नव्हे, दिवे गेल्यानंतरचा आधार आहे. पूर्वीच्या सायकलचा डायनामो सायकल थांबली की विझे, आणि थांबलेल्या सायकलला मागून वाचवणारी एकच वस्तू उरे : मडगार्डवरची लाल काच. मोटारीचेही तेच. बॅटरी बसली, धडकेत तार तुटली, चालक बेशुद्ध झाला, की दिव्यांचे राज्य संपते. त्यातही घाटात वाहन सरळ उभे राहील याचा भरवसा नाही. नागमोडी वळणावर खालून चढणाऱ्या वाहनाच्या दिव्यांचा झोत समोरच्या वाहनाच्या पुढच्या-मागच्या अंगावर न पडता प्रथम बगलेवर पडतो. सपाटीवर बगल ही बगल असते. घाटात तीच वाहनाचा चेहरा असते. पावसात घसरून आडव्या झालेल्या, धुक्यात वळणावर थांबलेल्या वाहनाविषयी ती बोटभर पट्टी जे सांगते ते सांगणारे दुसरे कोणी नसते. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर बैलगाडीला आणि दुचाकीला मज्जाव आहे. पण जुना रस्ता, खोपोलीचे फाटे आणि साजगावसारख्या गावांच्या वाटा यांवर कारखान्यांचे ट्रक, दुचाकी, पादचारी आणि यात्रेच्या दिवसांत गाड्याच गाड्या, अशी सगळी चालींची सरमिसळ आजही आहे.

शिवाय ट्रकचालकाला परावर्तक मोटारचालकापेक्षा मंद दिसतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्रकाश परततो तो दिव्याकडे. पाहणाऱ्याचा डोळा दिव्यापासून जितका दूर, तितका त्याच्या वाट्याला कमी प्रकाश. मोटारीत डोळा दिव्याच्या हात-दीड हात वर असतो, ट्रकमध्ये बराच उंच. हा फरक किती तीव्र आहे ते मानकांतूनच दिसते : लाल परावर्तकाकडून २० कलांच्या कोनावर किमान ३०० एककांची अपेक्षा असते, तर १ अंश ३० कलांवर केवळ ५ एककांची. म्हणजे मूळचाच परावर्तक ट्रकवाल्याला जेमतेम पुरतो. त्यावर फिल्म लावली, की ज्याच्या ब्रेकला थांबायला सर्वांत जास्त रस्ता लागतो त्याच्यापुरते आपण अदृश्य झालो.

या वस्तूची थोरवी पाहायची तर जमीन सोडून वर पाहावे. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या यात्रिकांनी चंद्रावर काचेच्या शंभर कोपऱ्यांची एक पाटी ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला लेझरचा किरण तिच्यावरून परततो आणि त्यावरून चंद्राचे अंतर आजही मोजता येते. चंद्रयान-३ च्या विक्रमवर जेमतेम पाच सेंटिमीटर रुंदीची, आठ कोपऱ्यांची तशीच एक पाटी आहे. विक्रम निजल्यानंतर, डिसेंबर २०२३ मध्ये, चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने तिच्यावर किरण टाकला आणि ती उत्तरली. विक्रमची वीज गेली होती, यंत्रे गारठली होती. तिला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. बोरघाटात बंद पडलेल्या टेम्पोच्या बगलेवरची पट्टी आणि ही पाटी, दोघींचे तत्त्व एकच आणि कामही एकच : मी येथे आहे, एवढे सांगणे.

आपल्या रस्त्यांवरची वाहने बोलकी आहेत. देवांची नावे, मुलांची नावे, शेरोशायरी, आणि महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी येईपर्यंत 'हॉर्न ओके प्लीज' असा सारा मजकूर ट्रकांच्या पाठीवर असे. बराचसा आजही आहे. तो दिवसा वाचायचा. अंधार पडला की त्यातले काहीच उरत नाही, उरतात त्या दोन-चार पट्ट्या. ज्याला आपल्या गाडीचा देखणेपणा प्रिय आहे त्याने रंग निवडावा, चाके निवडावी, आत काय हवे ते बसवावे. बगलेची ती पट्टी मात्र मालकाला स्वतःला कधी दिसत नाही, कारण तो आत बसलेला असतो. ती दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी आहे, आणि तो दुसरा कोण हे आपल्याला आधी ठाऊक नसते. यात्रेहून मुलेबाळे घेऊन परतणारा कोणी दुचाकीस्वार असेल, किंवा सोळा चाकांचा ट्रक घेऊन घाट उतरणारा, दोन रात्री न झोपलेला चालक असेल. रविवारी सकाळी फिल्म कापायला कातरी हातात घेण्यापूर्वी त्या माणसाचा विचार झाला, तर बहुधा ती कातरी खाली ठेवली जाईल, आणि ओल्या फडक्याने पट्टी तेवढी पुसून घेतली जाईल.